उझबेकिस्तानची ग्रुप टूर: पैसे भरण्याआधी काय विचारायचं आणि तिथे काय होतं

सेंट्रल एशियाची टूर बुक करताना हॉटेल किती स्टार ते नंतर विचारा, आधी विचारा की कुठल्या गावात किती रात्री मुक्काम आहे. आम्ही काही कंपन्यांची पत्रकं समोर घेऊन बसलो होतो, सगळ्यांवर समरकंदच्या रेगिस्तान चौकाचा तोच निळ्या घुमटांचा फोटो, आणि आत नीट वाचलं तर बऱ्याच टूर ताश्कंदलाच मुक्काम ठेवून समरकंद एका दिवसात ट्रेनने दाखवून रात्री परत आणणाऱ्या. बाकीचे दिवस चिमगानचे डोंगर, चारवाकचा तलाव, केबल कार, रात्री नाचगाण्यासकट डिनर. मित्रमंडळी मिळून चार दिवस मोकळं व्हायला निघाली असतील तर ती टूर चांगलीच आहे, स्वस्तही पडते. पण समरकंद, बुखारा ही नावं शाळेच्या इतिहासापासून ज्यांच्या मनात बसलीत त्यांनी ती घेऊ नये, कारण रेगिस्तान बघायचं ते सकाळी उघडताना आणि रात्री दिवे लागल्यावर, आणि एका दिवसाच्या सहलीत नेमक्या ह्याच दोन वेळा तुम्ही ट्रेनमध्ये असता.

आम्ही लातूरचे. मी, आमचे हे आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. तिघंही शाकाहारी, सासूबाईंचे गुडघे दुखरे, त्यामुळे आमचे प्रश्न तीनच होते, मुक्काम कुठे, जेवण काय आणि चालायचं किती. ताश्कंद, समरकंद, बुखारा आणि खिवा ह्या चारही ठिकाणी रात्रीचा मुक्काम असलेली ऑक्टोबरची टूर शेवटी मिळाली. पैसे थोडे जास्त गेले पण तेवढ्यासाठी काटकसर करू नका असंच मी सांगेन, कारण तिकडे परत परत जाणं होत नाही.

व्हिसाचं काम सोपं आहे. उझबेकिस्तानसाठी भारतीयांना २०१८ पासून ई-व्हिसा मिळतो, सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा, एका एन्ट्रीचे २० डॉलर, कामाचे साधारण तीन दिवस लागतात आणि ईमेलवर पीडीएफ येते. टूरवाले करून देतात, तरी पीडीएफ हातात आल्यावर स्वतः एकेक अक्षर तपासा. आपल्याकडे पासपोर्टमध्ये स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एका रकान्यात आणि आडनाव दुसऱ्या रकान्यात असतं, अर्ज भरणारा माणूस कधी मधलं नाव गाळतो कधी आडनावाला जोडतो, आणि व्हिसा, विमानाचं तिकीट, ट्रेनचं तिकीट ह्या तिन्हींवर नाव एकसारखं पाहिजे. ट्रेनच्या तिकिटावर पासपोर्ट नंबरसुद्धा असतो आणि तिकडे स्टेशनच्या दारातच पासपोर्ट बघून, सामान स्कॅन करून आत सोडतात. आमच्या ग्रुपमधल्या एका काकूंनी मध्यंतरी पासपोर्ट रिन्यू केला होता, त्यांनी नवीन कॉपी वेळेवर पाठवलेली असूनही ऑफिसने तिकीट जुन्या नंबरावर काढलेलं, समरकंदच्या गाडीला पंधरा मिनिटं उरली असताना टूर मॅनेजर आणि लोकल गाईड दोघं खिडकीवर पळत होते. काम झालं, पण काकूंचा चेहरा बघवत नव्हता.

टूरमध्ये कझाकस्तानही जोडलेलं असेल, म्हणजे अल्माटी वगैरे, तर तिथे भारतीयांना १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, किर्गिझस्तानला मात्र वेगळा ई-व्हिसा लागतो. आणि ताश्कंदहून अल्माटीला जाऊन परत ताश्कंदला यायचं असेल तर उझबेकिस्तानचा व्हिसा डबल एन्ट्रीचा आहे ना ते नक्की बघा.

हवामानाचं सांगायचं तर हा समुद्रापासून फार लांबचा कोरडा प्रदेश, उन्हाळ्यात पारा ४० च्या वर आणि हिवाळ्यात शून्याच्या खाली. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हेच दिवस बरे. मराठवाड्यातल्या माणसाला ४० डिग्रीचं काय वाटतंय असं आमच्या ह्यांचं म्हणणं होतं आणि जुलैची टूर स्वस्तही होती, पण तिथली सगळी ठिकाणं उघडी, दगड-विटांची अंगणं, सावली कमी आणि चालणं भरपूर, म्हातारं माणूस बरोबर असताना जुलै नकोच. ऑक्टोबरमध्ये दिवसा साध्या कपड्यात फिरता येतं, ऊन गेलं की अर्ध्या तासात स्वेटर लागतो, आणि खिव्याला वारा सुटला की कानटोपीसुद्धा. हवा इतकी कोरडी की दुसऱ्या दिवसापासून ओठ आणि टाचा फुटायला लागतात, व्हॅसलीन हाताशी ठेवा.

औषधांबद्दल जरा जास्त लिहिते कारण टूरवाले हे एका ओळीत उरकतात. उझबेकिस्तानात झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या, ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेली दुखण्याची औषधं ह्यावर कडक नियम आहेत. आपल्याकडे गुडघेदुखी-कंबरदुखीला डॉक्टर ट्रामाडॉलची गोळी सहज लिहून देतात आणि घरी कुणाला त्यात काय आहे हे माहीतही नसतं. आम्ही निघायच्या आधी सासूबाईंच्या डॉक्टरांना भेटून सगळी स्ट्रिप समोर ठेवली, त्यांनी एक गोळी बदलून दिली आणि बाकीच्यांचं इंग्रजीत, जेनेरिक नावासकट, प्रिस्क्रिप्शन टाइप करून सही-शिक्क्यासह दिलं. औषधं मूळ पाकिटातच ठेवायची, आठवड्याच्या डबीत सुट्टी करून न्यायची नाहीत. आणि ड्रोन घरी ठेवून जा, परवानगीशिवाय तिकडे चालत नाही, विमानतळावरच काढून घेतात.

पैशाचं असं की डॉलर न्यायचे, आणि नोटा कोऱ्या करकरीत, घडी, शाई, शिक्का काही नको, नाहीतर बदलून देत नाहीत. रुपयांवर अजिबात भरवसा ठेवू नका. एका डॉलरला साधारण १२ हजार सोम मिळतात, म्हणजे शंभर डॉलर बदलले की हातात बारा लाखाचं बंडल येतं आणि पहिल्या दिवशी डोकं चालत नाही, पाण्याची बाटली पाच हजाराला. आम्ही रोजच्या हिशोबासाठी एक साधा नियम धरला, शेवटची दोन शून्यं काढायची आणि राहिलेल्या आकड्याच्या पाऊणपट रुपये, अगदी नेमकं नाही पण बाजारात उभं राहून घासाघीस करायला पुरतं. एटीएम आणि कार्ड मोठ्या शहरांत चालतं. बाजारात, टॉयलेटला, टॅक्सीला रोखच लागते, त्यासाठी लहान नोटा वेगळ्या पर्समध्ये ठेवा.

आता टॉयलेट. ह्या विषयावर कुणी लिहीत नाही आणि बायकांना सगळ्यात आधी हेच कळायला हवं असतं. हॉटेलं स्वच्छ आहेत पण कमोडजवळ जेट स्प्रे असेलच असं नाही, कागदच असतो, एक लहान मग किंवा रिकामी बाटली बॅगेत टाका. रेगिस्तान, बुखारा अशा ठिकाणी पैसे देऊन वापरायची टॉयलेट आहेत, दोन-तीन हजार सोम, ठीकठाक. खरा प्रश्न बुखारा ते खिवा ह्या रस्त्याचा. साडेचारशे किलोमीटर, किझिलकुमचं वाळवंट, सात-आठ तास बसमध्ये, आणि मधल्या ढाब्यांवर भारतीय पद्धतीची, बिनपाण्याची, वासाची टॉयलेट. सासूबाईंना खाली बसता येत नाही. आम्ही औषधाच्या दुकानात मिळते ती घडीची कमोड खुर्ची नेली नव्हती, पण ग्रुपमधल्या एका पुणेकर मावशींकडे ती होती आणि त्यांनी आपणहून सासूबाईंना देऊ केली, दोघी त्या दिवसापासून मैत्रिणी झाल्या. ज्यांच्याबरोबर वयस्कर माणूस आहे त्यांनी हा टप्पा बसने आहे, ट्रेनने आहे की विमानाने, हे बुकिंगच्या आधीच विचारा. ट्रेनलाही सहा-सात तास लागतात पण उठून चालता येतं आणि कमोड असतो.

मुंबईहून निघून ताश्कंदला उतरलो. घड्याळ फक्त अर्धा तास मागे करायचं, त्यामुळे झोपेचं काही बिघडत नाही. लोकल गाईड चांगलं हिंदी बोलणारा तरुण मुलगा होता, ताश्कंदमध्ये लालबहादूर शास्त्रींच्या नावाची शाळा आहे आणि तिथे हिंदी शिकवतात. रस्त्यात, बाजारात, मेट्रोत माणसं थांबवून विचारतात, हिंदुस्तान? आणि मग राज कपूरचं नाव, मिथुनचं नाव, एखादी आजी गाण्याची अख्खी ओळ म्हणून दाखवते आणि फोटो काढायला जवळ उभी राहते. तिकडे वयाने मोठ्या बाईला ओपा आणि मोठ्या पुरुषाला आका म्हणतात, तेवढं म्हटलं की बाजारवाली हसून दोन जर्दाळू जास्त टाकते.

शास्त्रीजींचा पुतळा बहुतेक सगळ्या भारतीय टूरमध्ये असतो. १० जानेवारी १९६६ ला ताश्कंद करार झाला आणि त्याच रात्री, ११ तारखेच्या पहाटे ते गेले. आमच्या ग्रुपने तिथे फुलं वाहिली, सासूबाईंनी त्यांच्या लहानपणी घरात सोमवारी रात्री चूल पेटत नसे ते सांगितलं, शास्त्रीजींनी एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं होतं ना तेव्हाचं.

त्याच वर्षी, २६ एप्रिलला, पहाटे ताश्कंदला भूकंप झाला. केंद्र शहराच्या अगदी खाली आणि फारसं खोल नाही, त्यामुळे मातीच्या जुन्या वस्त्या बसल्या आणि काही लाख लोक बेघर झाले. त्याचं स्मारक आहे, फुटलेल्या काळ्या दगडाचा चौकोन, एका बाजूवर तारीख, दुसऱ्यावर घड्याळ, आणि मागे बाईच्या कडेवर मूल आणि तिच्यापुढे हात आडवा धरून उभा असलेला पुरुष. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत हे स्मारक बसमधून बघायचं असं होतं. आम्ही लातूरचे, किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप पहाटे चारच्या आसपासचा, ह्यांचे मामा त्यात गेले. मी गाईडला सांगितलं की आम्हाला खाली उतरायचंय, का ते सांगितलं, त्याने ड्रायव्हरशी बोलून बस थांबवली आणि मग सगळा ग्रुपच उतरला. गाईड सांगत होता की त्याच्या आजीला सोव्हिएत संघातल्या कुठल्या कुठल्या प्रदेशातून माणसं येऊन घरं बांधून देत होती ते आठवतं, आजच्या ताश्कंदचे रुंद रस्ते, लांबच लांब सारख्या इमारती तेव्हाच्या आहेत. आमच्याकडेही गावंच्या गावं नव्या जागी वसली, सरळ रेषेतल्या गल्ल्यांची, बाहेरून आलेल्या माणसांनी बांधलेली. ह्यांनी त्याला हे सगळं सांगितलं, दोघं बराच वेळ बोलत उभे होते. टूरमध्ये तुमच्या मनाचं असं काही ठिकाण असेल तर ते आधीच वाचून ठेवा आणि गाईडला पहिल्याच दिवशी सांगा, पंधरा-वीस मिनिटं तो कुठूनतरी काढतोच.

ताश्कंदची मेट्रो जरूर करा. १९७७ ची, २०१८ पर्यंत आत फोटो काढायला बंदी होती, कारण स्टेशनं बाँबहल्ल्यातली आश्रयस्थानं म्हणून बांधलेली. कॉस्मोनॉट स्टेशनच्या भिंतींवर गागारिन, तेरेश्कोवा हे अंतराळवीर आणि त्यांच्याच रांगेत पंधराव्या शतकातला समरकंदचा खगोलशास्त्रज्ञ सुलतान उलुगबेग. टूरमध्ये दोन स्टेशनं दाखवतात, आम्ही संध्याकाळी गाईडला न घेता परत गेलो, काही अवघड नाही.

समरकंदला नेणारी ट्रेन म्हणजे अफ्रोसियाब, स्पॅनिश बनावटीची, २५० च्या वेगाने पळते आणि ३४४ किलोमीटर दोन तासांच्या थोडंच वर. तिकिटं फार आधी संपतात, म्हणून टूर कंपनीला विचारा की अफ्रोसियाबची तिकिटं कन्फर्म आहेत का साधी गाडी असेल, कारण साध्या गाडीला बराच जास्त वेळ लागतो आणि तो वेळ समरकंदमधून कापला जातो. मोठ्या सुटकेसला डब्यात जागा थोडी असते, तीस माणसांचं सामान चढवताना रेटारेटी होते, मधल्या आकाराची बॅग न्या. ऑक्टोबरमध्ये खिडकीतून कापसाची वेचणी दिसते, मैलोन्मैल. आमच्याकडच्या कोरडवाहू कापसासारखं नाही ते, सगळं कालव्याच्या पाण्यावर, अमू दर्या आणि सिर दर्या ह्या नद्यांचं पाणी कापसाकडे वळवून वळवून अरल समुद्र आटला तो ह्याच कापसापायी.

रेगिस्तानच्या चौकात तीन मदरसे आहेत. उलुगबेगचा १४२० चा, समोर शेरदोर आणि मधे तिल्याकोरी, हे दोन सतराव्या शतकातले. टूरमध्ये ह्याला दीड तास दिला होता आणि त्यातला अर्धा तास ग्रुप फोटोत गेला. आमचं हॉटेल चालत जायच्या अंतरावर होतं म्हणून रात्री जेवण झाल्यावर परत गेलो आणि सकाळी नाश्त्याच्या आधी पुन्हा. तेव्हा मी नीट बघितलं. मला ह्या निळ्या फरशांची ओढ समरकंदच्या फोटोमुळे लागलेली नाही, बिदरमुळे लागली. बिदर आमच्यापासून जवळ, बहमनी वजीर महमूद गवानचा मदरसा मी लहानपणापासून बघतेय, १४७२ चा, समरकंद-खुरासानच्या मदरशांच्या धर्तीवर बांधलेला, एका मिनारावर आणि भिंतीवर अजून त्या निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या फरशा शिल्लक आहेत, बाकीचं बरंचसं दारूगोळ्याच्या स्फोटात १६९६ मध्ये गेलं. उलुगबेगच्या मदरशासमोर उभं राहिल्यावर कळतं की गवानने काय डोळ्यांसमोर ठेवून दख्खनच्या मातीत ते उभं केलं असेल. एक मात्र ध्यानात ठेवा, समरकंदचं आज दिसतं ते बरंचसं विसाव्या शतकात दुरुस्त केलेलं, पुन्हा बसवलेलं आहे. बीबी खानमची मशीद तर १८९७ च्या भूकंपात ढासळलेली होती. आत जुने फोटो लावलेत ते बघा, म्हणजे मूळ कुठलं आणि नवं कुठलं हे ओळखायला डोळा तयार होतो. बिदरला मूळ आहे तेवढंच उभं आहे, मला ते जास्त मोलाचं वाटतं, पण पूर्ण झाल्यावर कसं दिसत असेल हे फक्त समरकंदलाच कळतं.

उलुगबेगच्या वेधशाळेला बहुतेक टूर वीस मिनिटं देतात, जमिनीखालची दगडी कमान बघायची आणि निघायचं. त्याने १०१८ ताऱ्यांची यादी केली होती, दुर्बीण निघायच्या पावणेदोनशे वर्षं आधी, आणि सवाई जयसिंगाने जंतरमंतरच्या कामात त्याचीच कोष्टकं आधाराला घेतली. त्याच्या मुलानेच त्याला मारवलं, वेधशाळा जमीनदोस्त झाली, १९०८ मध्ये ती पुन्हा सापडली. मुलं बरोबर असतील तर इथे वेळ वाढवून मागा.

शाहीझिंदाला चढ आहे, उंच पायऱ्या, कठडा एका बाजूला. सासूबाई अर्ध्यावर बसल्या आणि म्हणाल्या तुम्ही जाऊन या, मग एक उझबेक बाई आणि तिची सून अशा दोघी त्यांच्या दोन्ही हातांना धरून वर घेऊन गेल्या. भाषा कुणालाच येत नव्हती. ही कबरींची जागा आहे आणि लोक प्रार्थनेला येतात, डोक्यावर ओढणी घ्या, ओट्यावर चढून रील करू नका, आमच्यातल्या काहींना गाईडला सांगावं लागलं आणि मला फार वाईट वाटलं.

जेवण. रोज एक भारतीय जेवण मिळेल असं पत्रकात होतं, ताश्कंद आणि समरकंदला ते मिळालं, भारतीय रेस्टॉरंटमध्ये, पनीर, दाल, जिरा राइस, चपातीच्या नावाने नान. बुखारा आणि खिव्यात मात्र लोकल जेवण, आणि तिथे शाकाहारी म्हणजे काय हे प्रत्येक वेळी समजावून सांगावं लागतं. तिकडचं मुख्य पक्वान्न पलोव, तांदूळ, पिवळं गाजर आणि मटण किंवा बीफ, शेपटीच्या चरबीत शिजवलेलं, वरून कधी घोड्याच्या मांसाच्या चकत्या. मांस बाजूला काढलं की शाकाहारी झालं असं वेटर मनापासून समजतो. भोपळ्याचा समोसा मिळतो, तंदूरमधला, सुंदर लागतो, पण त्यातही पुष्कळदा चरबी असते, विचारून घ्या. लगमान म्हणजे रश्शातल्या नूडल्स, तो रस्सा मांसाचाच. बिनधास्त खायला काय, तर टोमॅटो-कांद्याची पातळ चिरलेली कोशिंबीर, दही, चक्क्यासारखं घट्ट सुझमा, चीज, वांग्याचे काप, अक्रोड, बेदाणे, जर्दाळू, डाळिंब, आणि खरबूज. ऑक्टोबरमधलं तिकडचं खरबूज मी आयुष्यात खाल्लेलं सर्वोत्तम फळ आहे. आणि रोटी, म्हणजे नोन, मधे ठसा उमटवलेली, चकाकणारी, समरकंदची तर वजनदार आणि दिवसेंदिवस टिकणारी. ती सुरीने कापत नाहीत, हाताने मोडतात, पालथी ठेवत नाहीत, जमिनीवर तर नाहीच, एवढं पाळा.

आम्ही घरून शेंगदाण्याची चटणी, दशम्या, मेतकूट आणि उपम्याची पाकिटं नेली होती. गरम नोन, सुझमा आणि लातूरची शेंगाचटणी हे जेवण आम्ही बुखाऱ्यात दोन वेळा केलं आणि गाईडसुद्धा येऊन जेवला. खोलीत बहुतेक ठिकाणी किटली असते. नळाचं पाणी पिऊ नका, चूळ भरायलासुद्धा वयस्करांना बाटलीचंच द्या. जेवणात थंड पाणी मागितलं तर नवल करतात, तिकडे तेलकट जेवणावर गरम ग्रीन टीच पितात आणि पोटाला तोच मानवतो.

बुखारा मला सगळ्यात आवडलं. तिथे स्मारकं बघायला जायचं नसतं, तुम्ही त्यांच्यातच राहत असता. ल्याबी हौझचं तळं, काठावर जुनी तुतीची झाडं, तिथून चालत घुमटाकार छताचे बाजार ओलांडत गेलं की कल्याण मिनार, ११२७ चा, सेहेचाळीस-सत्तेचाळीस मीटर, चंगेजखानाने १२२० मध्ये शहर जाळलं तेव्हाही राहिला. हॉटेल जुन्या गावात असेल तर बस दारापर्यंत येत नाही, सामान ढकलत थोडं चालावं लागतं, पण तरीही जुन्या गावातलंच मागा. पाचशे मीटरवरच्या नव्या चकचकीत हॉटेलपेक्षा अंगणाभोवतीच्या जुन्या हवेलीतली लहान खोली बरी.

इथेच आमचं टूर मॅनेजरशी वाजलं. गालिचाची फॅक्टरी, रेशमाचं दुकान, सुऱ्या-कात्र्यांच्या लोहाराकडे प्रात्यक्षिक, असं करत सकाळचे अडीच तास गेले आणि मग सामानी राजांची दहाव्या शतकातली कबर दहा मिनिटांत. मी सरळ विचारलं की हे पत्रकात कुठे आहे. वाद वाढवला नाही, पण दुसऱ्या दिवशी ज्यांना खरेदी करायची ते खरेदीला आणि बाकीचे गाईडबरोबर असे दोन भाग झाले, आणि दोन्हीकडची माणसं खूश होती. ग्रुपमध्ये हे पहिल्याच दुकानाला बोललात तर सोपं जातं. अपवाद समरकंदजवळच्या कोनीगिलचा, तिथे तुतीच्या सालीपासून हाताने कागद करतात, ते बघण्यासारखं आहे.

खरेदीत दोन गोष्टी जपा. बाजारात केशर म्हणून ढीग लावलेला असतो तो बहुतेक करडईच्या फुलांचा, आम्ही करडईच्या पट्ट्यातले म्हणून लगेच ओळखलं, मुंबईच्या ताईंनी पाव किलो घेतलं होतं. आणि जुन्या वस्तू, पन्नास वर्षांच्या वरच्या, परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत, दुकानदार काहीही म्हणो. बुखाऱ्याच्या करकोच्याच्या आकाराच्या कात्र्या घेतल्या तर चेक-इन बॅगेत टाका. रिश्तानची निळी भांडी नेताना कपड्यात गुंडाळली तर नीट येतात.

वाळवंटाच्या रस्त्यात अमू दर्या दिसते तिथे बस थांबवतात, तेवढंच बघण्यासारखं. रस्ता काही भाग छान, काही भाग हाडं खिळखिळी करणारा, कंबरेला उशी घ्या. खिव्याची इचान काला, म्हणजे तटबंदीच्या आतलं गाव, १९९० पासून जागतिक वारसा, आत गाड्या नाहीत, सगळं पायी. बीजगणितवाल्या अल-ख्वारिझ्मीचा पुतळा पश्चिम दरवाज्याबाहेर आहे, तो ह्याच प्रदेशातला. जुम्मा मशिदीत लाकडाचे दोनशेच्या वर खांब, काही हजारेक वर्षं जुने, उजेड फक्त छताच्या झरोक्यातून येतो, आत थंडगार. मिनारावर चढायच्या पायऱ्या अंधाऱ्या आणि गुडघाभर उंच, ब्लड प्रेशरवाल्यांनी नादी लागू नये. दिवसभराच्या टूरचे ग्रुप पाचला निघून जातात आणि मग गाव तिथल्या माणसांचं होतं, पोरं खेळायला बाहेर येतात, बायका दारात बसतात. म्हणून मुक्काम हवा.

टिप्स गाईड आणि ड्रायव्हरसाठी रोजच्या हिशोबाने सगळ्यांकडून गोळा करतात, रक्कम आधी विचारून तेवढे डॉलर वेगळे ठेवा. प्रत्येक हॉटेल पासपोर्ट घेऊन नोंदणी करतं, स्लिप दिली तर शेवटपर्यंत सांभाळा. खिव्याजवळच्या उर्गेंचहून ताश्कंदला विमानाने परत आलो, देशांतर्गत विमानाची वजनमर्यादा आंतरराष्ट्रीयपेक्षा कमी असू शकते आणि खरेदी सगळी त्याच्या आधी झालेली असते, तिथे जादा वजनाचे पैसे भरणारे आमच्यात निम्मे होते. उरलेले सोम शहरातच बदलून घ्या, भारतात ते कुणी घेत नाही.

आणि परत आल्यावरचं एक काम, टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच टूर कंपनी सरकारसाठी घेते तो आगाऊ कर. परदेशी टूर पॅकेजवर तो कापला जातो, टक्केवारी बजेटमध्ये बदलत असते, तेव्हा भरताना चालू दर विचारा. तो ज्याच्या पॅनवर कापला त्याच्या इन्कम टॅक्सच्या नोंदीत दिसतो आणि रिटर्न भरल्यावर वळता होतो किंवा परत मिळतो. सासूबाईंचं उत्पन्न रिटर्न भरण्याएवढं नाही, तरी त्यांच्या पॅनवर कापलेली रक्कम परत मिळवायला त्यांचा रिटर्न भरावाच लागला. घरातली वडीलधारी माणसं नेत असाल तर बिल कुणाच्या पॅनवर करायचं हे सीएला विचारून पैसे भरायच्या आधीच ठरवा.